फौकानियाची भाषा आणि घरची भाषा
परभणी जिल्ह्याच्या शाळांचा एक विसरलेला अध्याय

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड या भागातील वयोवृद्ध माणसे आपल्या शाळेविषयी बोलू लागली, की त्यांच्या तोंडी तीन शब्द हटकून येत : तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. पहिला शब्द प्राथमिक शाळेचा, दुसरा मधल्या शाळेचा आणि तिसरा हायस्कूलचा. आज त्यांच्या नातवंडांना हे शब्द समजत नाहीत, आणि ते समजावून सांगणारी पिढीही आता फारशी उरलेली नाही. परंतु या तीन शब्दांमागे एका जिल्ह्याच्या शिक्षणाचा, किंबहुना मुलाने कोणत्या भाषेत शिकावे या जुन्या प्रश्नाचा इतिहास उभा आहे.

तो इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. केवळ गतकाळाचे कुतूहल म्हणून नव्हे. शाळाप्रवेशाचे दिवस आले, की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत मुलाला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, ही चर्चा सुरू होते. बहुतेक घरांत तिचा निकाल चर्चेपूर्वीच लागलेला असतो. त्या निकालापाशी क्षणभर थांबावे आणि आपल्याच राज्यातील एका जिल्ह्याने या बाबतीत काय भोगले व काय मिळविले ते पाहावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.

एक संस्थान, चार भाषा

१९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वेळचा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. परतूर तालुका १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेला. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा भाग १ मे १९९९ रोजी वेगळा हिंगोली जिल्हा झाला. तेव्हा या लेखात परभणी जिल्हा म्हणताना आम्ही तो जुना, विस्तीर्ण जिल्हाच डोळ्यांसमोर ठेविला आहे.

संस्थानातील जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे होते. सुमारे चतुर्थांश लोकांची भाषा मराठी होती, त्यानंतर कन्नड. उर्दू ही ज्यांची घरची भाषा होती, त्यांचे प्रमाण शंभरात दहा-बारा एवढेच होते. राज्यकारभार प्रथम फारसीत चाले. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आली. कचेरीतील अर्ज, न्यायालयातील दावा, महसुलाचा कागद, हे सारे उर्दूत झाले, आणि ओघानेच शाळेचा कलही तिकडे झुकला.

ज्या भूमीवर हे घडत होते ती भाषेच्या दृष्टीने दरिद्री नव्हती. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई याच जिल्ह्याची. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसीही त्या वेळी याच जिल्ह्यात होती. दळणकांडण करणाऱ्या एका बाईने आपल्या मनीचे गूज ज्या भाषेत सांगितले आणि जी सातशे वर्षे लोकांच्या ओठी राहिली, ती भाषा मोठ्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर उभी होती. कागदावर प्राथमिक शाळेत मुलाच्या मातृभाषेला जागा होती. उर्दू हा विषयही होता. परंतु पुढची पायरी चढताच माध्यम बदले. वस्तानिया आणि फौकानियात इतिहास, भूगोल, गणित, सारे उर्दूतून. चौथीपर्यंत कशीबशी मराठी वाचू लागलेले मूल तेथे पुन्हा पहिल्या इयत्तेत गेल्यासारखे होई.

उस्मानियाचा विचार आणि त्याची उणीव

या ठिकाणी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हैदराबादच्या राज्यकर्त्यांनी शिक्षणाच्या माध्यमाचा विचारच केला नव्हता असे नाही. उलट, हिंदुस्थानात तो सर्वांत धाडसाने त्यांनीच केला.

इंग्रजी मुलखात त्या वेळी काय स्थिती होती? मुंबई इलाख्यात मराठी प्राथमिक शाळा होत्या, मराठी क्रमिक पुस्तके होती. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा सर अर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या आग्रहापुढे जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू ठामपणे मांडली होती. तरीही हायस्कूल आणि कॉलेज यांची भाषा इंग्रजीच राहिली. पुण्या-मुंबईच्या मुलानेही भूमिती शिकावी ती इंग्रजीतून, आणि निम्मी बुद्धी खर्चावी ती शब्द पाठ करण्यात.

अशा काळात, १९१८ मध्ये, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढील वर्षी तेथे वर्ग सुरू झाले. परकीय भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती भाषेशी झगडण्यातच संपते, विषयाला ती उरत नाही, म्हणून उच्च शिक्षणही देशी भाषेतूनच दिले पाहिजे, हे या विद्यापीठाचे मूलतत्त्व होते. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उघडण्यात आला. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्या कामात होते. पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण माध्यम मात्र उर्दू. भारतीय भाषेतून डॉक्टर आणि इंजिनिअर घडविता येतात हे उस्मानियाने दाखवून दिले. या पराक्रमाची नोंद मराठी माणसानेही आदरानेच घ्यावी.

मग उणीव कोठे राहिली? ती एका छोट्या शब्दात होती. विद्यापीठाचा सिद्धान्त ‘मुलाची भाषा’ असा होता. अंमलात आला तो ‘राज्याची भाषा’ असा. हैदराबाद शहरातील उर्दू बोलणाऱ्या मुलाला जो दिलासा मिळाला, तो जिंतूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला मिळाला नाही. त्याच्या दृष्टीने इंग्रजी जेवढी दूर होती, तेवढीच उर्दूही दूर होती. परकीय भाषेच्या ओझ्याविषयी उस्मानियाच्या संस्थापकांनी जे जे म्हटले, ते ते सारे परभणीच्या मुलाला उर्दूविषयी म्हणता आले असते. फक्त त्याचे म्हणणे ऐकायला कोणी नव्हते.

मुरब्बा, जरब आणि कसर

हे ओझे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी आपण क्षणभर त्या मुलाच्या जागी बसू. उर्दू आणि मराठी या दूरच्या भाषा नव्हेत, शेकडो शब्द दोहोंत सारखे आहेत, मग एवढा त्रास का व्हावा, असे कोणी विचारील. परंतु सारखे दिसणारे शब्दच मुलाला अधिक फसवितात.

भूमितीच्या तासाला मास्तर फळ्यावर चौरस काढून म्हणत, ‘मुरब्बा’. मुलाच्या घरी मुरब्बा बरणीत असे, आंब्याच्या फोडींचा. त्रिकोण म्हणजे ‘मुसल्लस’, कोन म्हणजे ‘जाविया’. हे तर कानांना पूर्णच नवे. गणितात गुणाकाराला ‘जर्ब’ म्हणत. मराठीत जरब म्हणजे धाक, आणि त्या तासाला मुलाला जो अनुभव येई तो बहुधा दुसऱ्या अर्थाचाच असे. अपूर्णांकाला ‘कस्र’ म्हणत. मराठी घरात कसर म्हणजे उणीव, किंवा पुस्तकांना लागणारी कीड. इतिहासाच्या विषयाचे नाव ‘तारीख’. मुलाला तारीख ठाऊक होती ती कोर्टाची, वडील मधूनमधून जिच्यासाठी तालुक्याला जात ती. भूगोल झाला ‘जुगराफिया’. आणि हे सारे लिहायचे ते उजवीकडून डावीकडे, ज्या लिपीत त्याच्या आईने वा आजीने कधी एक अक्षरही पाहिले नव्हते.

हुशार मूल यातून तरून जाई. बुद्धी आणि घरचे पाठबळ दोन्ही असतील, तर ते उर्दूत पारंगत होई, हैदराबादला जाई, वकील वा अधिकारी होऊन परते. वसमतजवळच्या पुरजळला १८६७ मध्ये जन्मलेले केशवराव कोरटकर असेच पुढे गेले, हैदराबादचे नामांकित वकील आणि नंतर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. परंतु शाळेची कसोटी पाण्याबाहेर आलेल्या मुलांवरून लावायची नसते. बुडालेली किती, तेही मोजावे लागते. १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे निजामी राजवट संपून सुमारे अडीच वर्षे झाल्यावरही, हैदराबाद राज्यात शंभरातले जेमतेम नऊ-दहा लोक साक्षर होते. या दारिद्र्याला कारणे अनेक होती : शाळाच थोड्या, जमीनदारी, गरिबी, स्त्रियांच्या शिक्षणाविषयी अनास्था. सारा दोष माध्यमाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. परंतु जी थोडी मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचली, त्यांच्यातीलही अनेकांना त्या दारावरची भाषा आत येऊ देत नव्हती, हे नाकारता येत नाही.

वर्गणीच्या शाळा

या परिस्थितीत लोकांनी काय केले? त्यांनी शाळा काढल्या. हे वाक्य वाचायला सोपे आहे, करायला तसे नव्हते.

ज्यांना उर्दूने वर नेले, त्यांतील काहींनी आपण चढून आलेली शिडी इतरांसाठी अवघड आहे हे ओळखले, ही या इतिहासातील हृद्य गोष्ट आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने १९०७ च्या सुमारास हैदराबादला विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. त्याच सुमारास गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघाले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९१५ मध्ये सरस्वती भुवन संस्था सुरू झाली. १९२० मध्ये हैदराबादहून ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघू लागले आणि विखुरलेल्या मराठी वाचकांना एकमेकांची खबर मिळू लागली.

परंतु सरकारला या शाळांचा संशय येई. १९२० च्या दशकात खासगी शाळा काढण्यास पूर्वपरवानगी सक्तीची करणारे नियम आले आणि गावोगावच्या लहान शाळांवर गदा आली. सभा भरविण्यावर ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध हुकुमाचे बंधन होते. परवानगीवाचून लोक एकत्र जमणेही अवघड झाले होते. अशा राज्यात मराठी शाळेसाठी वर्गणी मागणे म्हणजे काय, हे आज आपणांस सहजासहजी उमगणार नाही. ज्याच्याकडे मागायची त्याला भीती, जो मागतो त्याच्यावर पहारा.

राजकारण बोलता येत नव्हते, म्हणून लोक शिक्षणाविषयी बोलू लागले. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच जिल्ह्यातील परतूरला. अध्यक्ष होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. संस्थानातील मराठी भाषकांची ही पहिली मोठी सभा. तेलंगणात आंध्र महासभा होती, कन्नड भागात कर्नाटक परिषद होती. या तिन्ही व्यासपीठांवरून एक मागणी पुनःपुन्हा होत राहिली : आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकवा. तीन वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांची मागणी एकच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती उर्दूच्या द्वेषातून आलेली नव्हती.

परतूरहून आगगाडीने निघाले की पुढे सेलू लागते. कापसाच्या व्यापाराचे हे गाव. तेथे १९३९ मध्ये नूतन विद्यालय सुरू झाले. श्रीरामजी भांगडिया यांच्यासारख्यांचे दातृत्व आणि विनायकराव चारठाणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची तळमळ या संस्थेच्या मागे होती. याच वर्षांत तिकडे अंबाजोगाईला, त्या वेळच्या मोमिनाबादला, योगेश्वरी नूतन विद्यालय उभे राहत होते. तेथे मुख्याध्यापक म्हणून राबलेले संन्यासी, स्वामी रामानंद तीर्थ, पुढे संपूर्ण संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. लढा उभारणारा माणूस आधी शाळामास्तर होता, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. मुलाला त्याच्या भाषेत विचार करू देणे आणि माणसाला त्याच्या देशात ताठ उभे राहू देणे, या गोष्टी परस्परांपासून फार दूर नाहीत.

हे राज्यकर्त्यांनाही कळत होते. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले, आणि शेकडो मुलांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. ज्या संस्थेने देशी भाषेचा झेंडा उभारला, तिलाच आपल्या विद्यार्थ्यांचे देशी गीत सोसले नाही.

दोन भाषांमधला कवी

येथे परभणीच्या एका लेखकाची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ. जन्म १९१३ चा, सातोना गावचा. नोकरी परभणीला, बांधकाम खात्यात. कविता, कथा, कादंबरी या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी विपुल लिहिले, आणि १९५३ मध्ये, वयाची चाळिशी गाठतानाच, ते परभणीत निवर्तले. परभणीच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.

उर्दूच्या अमलाखाली वाढलेला आणि कचेरीत उर्दूशी रोजचा संबंध असलेला हा माणूस लिहिण्यासाठी मात्र मराठीकडे वळला. परंतु उर्दूला त्याने दाराबाहेर ठेवले नाही. ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. उर्दूची नजाकत त्यांच्या मराठीत मुरली आहे. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, नांदापूरला, १९३२ मध्ये जन्मलेले नरहर कुरुंदकर यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. मुस्लिम समाज आणि संस्कृती यांवर मराठीत त्यांच्याइतक्या अभ्यासाने लिहिणारे थोडे झाले.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येते. दुसरी भाषा शिकण्याने कोणाचे नुकसान होत नाही. उर्दू शेजारीण म्हणून आली तेव्हा तिने मराठवाड्याच्या मराठीला समृद्धच केले. ती पहिल्या भाषेची जागा घेऊन बसली, आणि ती येत नसेल तर तू अडाणी, असे मुलाला सांगू लागली, तेव्हा मात्र तिने अपाय केला. दोष भाषेत नव्हता, तिला दिलेल्या जागेत होता.

मुक्तीनंतर

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्यानंतर शाळांत प्रादेशिक भाषा माध्यम म्हणून आल्या. हा बदल एका हुकुमाने झाला असे समजू नये. उर्दूतून शिकलेल्या शिक्षकांना मराठीतून शिकवावे लागले. ‘मुसल्लस’ शिकलेल्या मास्तरांना ‘त्रिकोण’ म्हणण्याची सवय करावी लागली. पुस्तके नव्हती, फळे नव्हते, कित्येक ठिकाणी इमारतीही नव्हत्या. तरी शाळा भरत गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९७२ मध्ये खुद्द परभणीत कृषी विद्यापीठ आले. ज्या घरांत अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, त्या घरांतील मुले एका पिढीत मॅट्रिकपर्यंत आणि दुसऱ्या पिढीत पदवीपर्यंत पोहोचली. ती पोहोचली ती बहुतांशी जिल्हा परिषदेच्या आणि वर्गणीतून वाढलेल्या मराठी शाळांतून.

जगातही याच काळात हा प्रश्न पेटला होता. परभणी मुक्त झाल्यावर चार वर्षांच्या आतच, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी, ढाक्याला बंगाली भाषेच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी रक्त सांडले. तेथेही एका राज्याने बहुसंख्यांच्या भाषेवर उर्दू लादू पाहिली होती. आज तोच दिवस जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो. १९५३ मध्ये युनेस्कोने तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्याचाही निष्कर्ष तोच होता : मुलाच्या शिक्षणाचा आरंभ त्याच्या मातृभाषेतून व्हावा. १९५६ मध्ये आपल्या राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत देण्याची सोय करावी, असे ते सांगते.

‘अल्पसंख्याकांच्या’ हा शब्द वाचताना आपण मराठी माणसांनी थोडे अंतर्मुख व्हावे. परभणी शहरात उर्दू शाळा आहेत, आणि त्या असल्याच पाहिजेत. जो न्याय आपण मागितला तो त्यांनाही लागू आहे. परंतु जिंतूरच्या बाजूच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणारे बंजारा मूल शाळेत येते, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला मराठी पाठ्यपुस्तक काय वाटत असेल? जे एकेकाळी मराठी मुलाला उर्दूचे वाटले, तेच कदाचित. ज्या शिक्षकाने तांड्याचे दहा-वीस शब्द शिकून घेतले आणि पहिली गोष्ट त्या मुलाच्या बोलीत सांगितली, त्याने परतूरच्या परिषदेचे काम पुढे नेले असे आम्ही समजतो.

आपल्या घरची गोष्ट

आता आपल्या समाजाकडे वळू. भाषेची ही परीक्षा आपल्या पूर्वजांनीही दिली आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. येथील लोकांना प्रभूची कथा त्यांच्या भाषेत सांगितली पाहिजे असे त्यांना वाटले, आणि १६१६ मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीचे गुणगान करणारा हा ग्रंथ एका परदेशी माणसाने लिहिला याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु त्याच गोव्यात २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. एकाच शतकात, एकाच भूमीवर, एकाच श्रद्धेच्या माणसांनी भाषेविषयी दोन परस्परविरुद्ध मार्ग धरले. हुकूम काढणाऱ्याचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? स्टीफन्सचे नाव मात्र राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. लॅटिन मिस्सा ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या आजी-आजोबांनी पहिल्यांदा मराठीत ‘आमच्या स्वर्गीय बापा’ म्हटले, तेव्हा प्रार्थना अधिक पवित्र झाली नसेल, पण ती त्यांची झाली. प्रार्थनेच्या बाबतीत जे आपण ओळखले, ते पाढ्यांच्या आणि विज्ञानाच्या बाबतीत का विसरावे?

येथे आम्हांस पालकांवर टीका करायची नाही. इंग्रजी शाळेकडे जाणारी वाट कोणी थिल्लर हौसेने धरीत नाही. नोकरी, प्रतिष्ठा, मुलगा मागे पडेल ही भीती, ही सारी कारणे खरी आहेत. परंतु परभणीच्या इतिहासात तीच कारणे आपल्याला पुन्हा भेटतात. फौकानियात मुलाला घालणारा बापही हेच म्हणत होता : नोकरीची भाषा उर्दू आहे, दरबाराची भाषा उर्दू आहे, मराठी शिकून काय होणार? त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खोटे नव्हते. तरीही पुढे जे दरबार राहिले नाहीत त्यांच्या भाषेसाठी अनेक मुलांचे बालपण खर्ची पडले. फरक एवढाच, की त्या बापापुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे तो आहे, आणि त्याला नकार देण्यासाठी आपण भरघोस शुल्कही भरतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा शासननिर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर उठले ते आपण पाहिले. जूनअखेर शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आनंदही आपण साजरा केला. परंतु गावातील मराठी शाळेचा पट कमी होत जातो, वर्ग बंद होतो, तेव्हा तो मूक अंत्यविधीसारखा उरकतो. लादलेल्या भाषेचा राग आपल्याला येतो. स्वतः निवडलेल्या परक्या माध्यमाची साधी चौकशीही आपण करीत नाही.

मग करावे काय? इंग्रजी टाकावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उस्मानियाच्या योजनेतील जो भाग चांगला होता तो घ्यावा : इंग्रजी उत्तम शिकवावी, पण विषय म्हणून, माध्यम मुलाचे राहू द्यावे, निदान पहिली काही वर्षे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचाच आग्रह धरते. ज्यांनी इंग्रजी शाळा आधीच निवडली आहे, त्यांनीही घरातील भाषेचा दिवा विझू देऊ नये. वसईतील सामवेदी वा वाडवळी बोलणारी घरे असोत, मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे असोत, मुलाला रात्रीची प्रार्थना आपल्या बोलीत म्हणता यावी, आजीच्या गोष्टीला त्याने ‘अर्थ काय?’ असे विचारावे न लागो, आणि मिस्सेतील मराठी वाचन त्याला अडखळत नव्हे तर समजून वाचता यावे. आपल्या धर्मग्रामांना शाळा चालविण्याचा दीर्घ अनुभव आहे. त्यांतील एखाद्या तरी शाळेचे मराठी वर्ग उत्तम शिक्षक देऊन, उत्तम इंग्रजी देऊन, पालकांनी मागून घ्यावे असे करून दाखविता येणार नाही का?

सेलूच्या, परतूरच्या, परभणीच्या त्या माणसांनी पहाऱ्याखाली वर्गणी गोळा केली, परवानग्यांसाठी उंबरे झिजविले, आणि आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेचे दार उघडून घेतले. ते दार आजही उघडेच आहे. बाहेरून कोणी ते बंद केलेले नाही. आतून कडी लावायची की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे, आणि त्याचे उत्तर देणारे हात आपलेच आहेत.